मयताच्या बाजूने विमलअक्का

विमलअक्कांसमोर खून झाला की त्या आधी उभ्या राहतात. खून अर्थात पुस्तकातला असतो, पण उभं राहणं अगदी खरं. चपला काढून, पदर सावरून, डोळे मिटून. बाकीच्यांनीही उभं राहावं अशी त्यांची अपेक्षा असते, आणि कोणी बसून राहिलं तर मिटल्या डोळ्यांनीसुद्धा ते त्यांना कळतं.

ईशा आणि निखिल, तुम्ही फोनवर दर वेळी विचारता, “आजी, बुधवारी तुम्ही लायब्ररीत नक्की करता काय?” फोनवर ते नीट सांगता येत नाही. मला मध्येच हसू येतं आणि तुमच्याकडे शाळेची घाई असते. म्हणून लिहूनच काढते, क्रमाने.

घराजवळच्या सार्वजनिक वाचनालयाच्या माडीवर एक खोली आहे. तिथे दर बुधवारी दुपारी आमचं रहस्यकथा वाचणाऱ्यांचं मंडळ भरतं. पुस्तक बहुतेक इंग्रजी असतं. बोलणं मात्र मराठी, कानडी, हिंदी, ज्याला जे सुचेल ते. मी असते, विमलअक्का असतात. श्रीकांत नावाचा नागपूरचा मुलगा असतो. तो कोरमंगलाला पीजीत राहतो आणि ऑफिसच्या कॉलवर आहे असं सांगून आमच्यात बसतो. खोलीची किल्ली ज्यांच्याकडे असते ते ग्रंथपाल मंजुनाथ असतात. आणि आसपासची चार-पाच निवृत्त मंडळी, ज्यांना खुनापेक्षा पंख्याखालच्या खुर्चीत जास्त रस असतो.

विमलअक्कांचं घराणं तीन पिढ्या बेंगळुरूत आहे. मराठी घरातलं, कानडी दारातलं, आणि दोन्ही आता एकमेकांत इतकं मिसळलंय की “सरी, स्वल्प सरका बघू”, म्हणजे बरं, जरा सरका, हे वाक्य त्यांना शुद्ध मराठी वाटतं. एका सरकारी कारखान्याच्या पर्सोनेल खात्यात त्यांनी नोकरी केली. निरोप समारंभ आणि शोकसभा हे दोन विभाग कायम त्यांच्याकडे. “निरोपाला हार मोठा आणि शोकसभेला भाषण लहान. एवढं सांभाळलं की साहेब खूश,” असं त्या सांगतात.

त्या पहिल्यांदा मंडळात आल्या त्या दिवशीचं पुस्तक एका ब्लॅकमेल करणाऱ्या माणसाचं होतं. दुसऱ्याच प्रकरणात त्याला कोणीतरी उशीने गुदमरवून मारतं. श्रीकांत उत्साहाने म्हणाला, “ऑब्व्हियसली बायकोने केलंय.”

“स्वल्प थांब,” अक्का म्हणाल्या. “माणूस गेलाय.”

“अक्का, तो ब्लॅकमेलर होता.”

“असेल. पण गेलाय ना?”

अक्का उभ्या राहिल्या. मग मंजुनाथ, मग मी, मग कुरकुरत पंख्याखालचे. डोळे उघडल्यावर अक्कांनी विचारलं, “त्यांच्याबद्दल दोन शब्द कोण बोलेल?”

‘त्यांच्याबद्दल’! सबंध पुस्तकात त्या माणसाला कोणी अहोजाहो केलेलं नव्हतं.

तेव्हापासून हा नियमच झाला. खुनी कोण, हा विषय नंतर. आधी गेलेल्या माणसाबद्दल निदान एक चांगली गोष्ट, आणि तीही पुस्तकात शोधून. गोड गोड बोलून भागत नाही. एकदा पंख्याखालचे कुलकर्णी म्हणाले, “त्यांच्या जाण्याने कधीही न भरून येणारी पोकळी निर्माण झाली आहे.”

“पोकळी कशाची, ते सांगा,” अक्का म्हणाल्या.

“म्हणजे... अशीच.”

“अशीच पोकळी नसते कुलकर्णी. बसा.”

त्यामुळे आमचं वाचनच बदललं. शेजाऱ्यांच्या मांजरांना विष घालणारी एक म्हातारी घरमालकीण होती. तिने भाडेकरूच्या मुलीला सायकल शिकवली होती हे मला सापडलं. निरपराध लोकांना तुरुंगात धाडणारा एक न्यायाधीश होता. त्याच्याबद्दल काहीच मिळेना. शेवटी श्रीकांत हळूच म्हणाला, “मेला तेव्हा त्याच्या दोन पायांत वेगवेगळे मोजे होते, अक्का. म्हणजे घरात बघणारं कोणी नसेल.” अक्कांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. तोटा एकच झाला: खुनी कोण ते आमच्यापैकी कोणालाच ओळखता येत नाही. आम्ही सगळे मयताच्या मागे असतो.

आता मुख्य गोष्ट. एका बुधवारी मंजुनाथ पडलेल्या चेहऱ्याने वर आले. आमच्या वॉर्डातले एक वजनदार पुढारी आहेत. त्यांना सगळे अण्णा म्हणतात, मीही तेच म्हणते. त्यांच्या कार्यालयातल्या जुन्या खुर्च्या, कपाटं, मांडवाचं सामान ठेवायला जागा हवी होती आणि कोणीतरी त्यांना आमची खोली सुचवली होती. पुढच्या बुधवारी ते स्वतः बघायला येणार होते.

“मग आपण?” मी विचारलं.

“खाली वर्तमानपत्रांच्या टेबलाशी बसा,” मंजुनाथ म्हणाले. “पण तिथे बोलायला बंदी आहे.”

“ऑनलाइन करू या ना,” श्रीकांत म्हणाला. “लिंक पाठवतो.”

“ऑनलाइन उभं कसं राहायचं रे?” अक्का एकदम चढ्या आवाजात म्हणाल्या. “समोरचा उभा आहे की पडदा बंद करून भजी खातोय, कळणार कसं?” त्या दिवशी जाताना त्यांनी खोलीतल्या सगळ्या खिडक्या पुसल्या. कशासाठी, ते विचारायचा धीर मला झाला नाही.

पुढचा बुधवार उजाडला. ठरलेल्या पुस्तकात केशवमूर्ती नावाचे कॉफीच्या मळ्याचे मालक होते. महा तिरसट माणूस, घरातल्या सहाही जणांचा छळ करणारा. सकाळच्या कॉफीतून कोणीतरी विष घातलं आणि संपले. श्रीकांतने पुस्तकातल्या वर्णनावरून कम्प्यूटरकडून त्यांचा चेहरा काढून घेतला होता: जाड भुवया, हनुवटीवर तीळ. अक्कांनी तो फ्रेममध्ये बसवला, खाली ठळक अक्षरांत नाव लिहिलं, हार घातला, उदबत्ती लावली. खोली शेवटची असेल तर शोकसभा नीटच व्हायला हवी, असं त्यांचं मत पडलं.

आम्ही डोळे मिटून उभे होतो आणि दार उघडलं. अण्णा. मागे चार कार्यकर्ते, एकाच्या हातात मोजायची टेप.

मी एका डोळ्याने बघत होते, म्हणून सांगते. अण्णांनी फोटो पाहिला, हार पाहिला, उदबत्ती पाहिली. क्षणात चपला बाहेर, हात जोडलेले, मान खाली. इतकी सफाई वर्षानुवर्षांच्या सरावानेच येते. टेपवाल्याने टेप खिशात घातली.

दोन मिनिटं झाल्यावर अक्का पुढे झाल्या. “बन्नी अण्णा, या,” त्या म्हणाल्या. शोकसभेला आलेल्या पाहुण्याला दुसरं काही म्हणणं त्यांच्या रक्तात नाही.

अण्णांनी आवाज खाली आणला. ते कानडीत बोलले, मी मराठीत देते. “कसे गेले?”

“सकाळची कॉफी प्यायले आणि गेले,” अक्का म्हणाल्या.

“कॉफी वाईटच. मलाही डॉक्टरांनी कमी करायला सांगितली आहे.” अण्णांनी सुस्कारा टाकला. “मागे कोण कोण?”

“घरात सहा जण आहेत. सगळे एकमेकांवर संशय घेताहेत.”

“इस्टेट असेल.”

“कॉफीचा मळा.”

“तेच ते,” अण्णा म्हणाले. श्रीकांतने तोंडात रुमाल कोंबला. मंजुनाथ कपाटाकडे वळून पुस्तकांच्या पाठी वाचू लागले.

“आलाच आहात तर दोन शब्द बोला,” अक्का म्हणाल्या.

मला वाटलं, आता हे म्हणतील, माझी ओळख नव्हती. पण अण्णांनी फोटोकडे बघितलं, घसा साफ केला आणि सुरू झाले. “केशवमूर्तींसारखा माणूस पुन्हा होणार नाही. माझे अगदी जवळचे. कधी पद मागितलं नाही, कधी काम घेऊन आले नाहीत. परवाच रस्त्यात भेटले होते. मला म्हणाले, अण्णा, फार धावपळ करता, प्रकृतीला जपा. आणि आज स्वतःच...” इथे त्यांचा आवाज खरोखर दाटला. एक कार्यकर्ता डोळे पुसू लागला.

“वाचनाची फार आवड होती त्यांना,” अण्णा पुढे म्हणाले आणि पुष्टीसाठी अक्कांकडे वळले.

“ते पुस्तकातच असायचे, अण्णा,” अक्का म्हणाल्या. “पुस्तकातच गेले.”

बस, अण्णांना सूर सापडला. “ऐकलंत? अशा माणसाचं स्मारक याच खोलीत व्हायला हवं. मी शब्द देतो, ही खोली केशवमूर्तींच्या नावाने वाचकांसाठी राहील. खुर्च्याही नव्या देतो!”

टेपवाला त्यांच्या कानाला लागला. बहुधा कपाटांची आठवण करून देत असावा. अण्णांनी त्याच्याकडे असं काही पाहिलं! “इथे? यांच्या फोटोसमोर?”

पंख्याखालच्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला. “शोकसभेत टाळ्या नाहीत,” अक्का कडक आवाजात म्हणाल्या. अण्णांनीही मान डोलावली आणि फोटोला फुलं वाहून निघाले.

मंडळी गेल्यावर श्रीकांत जमिनीवर बसून हसला. मला मात्र चैन पडेना. मी म्हटलं, “अक्का, त्यांना खरं सांगायला हवं होतं का?”

“मी एक तरी शब्द खोटा बोलले का, सुधाताई?”

मी सगळं संभाषण मनात पुन्हा तपासलं. नव्हत्या बोलल्या.

“जवळचे होते असं ते म्हणाले. भर शोकसभेत त्यांना मी नाही कसं म्हणू?”

अण्णांनी शब्द पाळला. महिन्याभरात खोलीच्या दारावर पितळी पाटी लागली: ‘केशवमूर्ती स्मारक वाचनकक्ष’. खुर्च्या आल्या, पंखाही दुसरा आला. आता पंख्याखालच्या जागेसाठी भांडण नाही. पाटी लागली त्या बुधवारी मंजुनाथांनी म्हैसूरपाक आणला. श्रीकांतने ऑफिसात सरळ रजा टाकली. अभिनंदनाला खाली वर्तमानपत्रं वाचणारेही वर आले आणि हे केशवमूर्ती कोण म्हणून विचारू लागले. कुलकर्ण्यांनी त्यांना कॉफीच्या मळ्यापासून सगळी हकिगत सांगितली.

या सगळ्या गडबडीत अक्का खिडकीशी उभ्या होत्या. मी म्हैसूरपाकची बशी घेऊन गेले.

“इतकं सोपं असतं का हो?” त्या म्हणाल्या. “ओळख ना देख, आणि किती भरभरून बोलला तो माणूस.”

“त्यांचा धंदाच तो.”

“तसं नव्हे.” त्यांनी बशी घेतली नाही. “आमचे हे गेले तेव्हा कारखान्याच्या हॉलमध्ये सभा ठेवली होती. मीच ठेवली, दुसरं कोण ठेवणार? फ्रेम, हार, सगळं जागेवर. लोक आले. दोन मिनिटं उभे राहिले. मग मी विचारलं, दोन शब्द कोण बोलेल? आणि कोणी उठलंच नाही, सुधाताई.”

अक्कांचे यजमान दिगंबरराव मी पाहिलेले नाहीत. आम्ही या भागात आलो ते नंतर.

“लोकांचं चुकलं नाही,” अक्का म्हणाल्या. “भांडायचेच ते. शेजारी, साहेब, मंडळ, कोणाला सोडलं नाही. मी म्हटलं, निदान आपण बोलावं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या सभा चालवल्या. पण लोक माझ्याकडे बघत होते आणि मला एक चांगली गोष्ट आठवेना. एकसुद्धा. मग मी आभार मानले आणि सभा संपवली.”

बाकीची मंडळी केव्हा जवळ सरकली मला कळलं नाही. श्रीकांत आमच्या मागेच उभा होता, हातात अर्धा म्हैसूरपाक.

“अक्का,” तो म्हणाला, “आज बोला ना.”

“आज कशाला? आज आनंदाचा दिवस आहे.”

“मग आनंदाचं बोला.”

अक्कांनी त्याच्याकडे पाहिलं, मग आमच्या सगळ्यांकडे. खुर्चीच्या पाठीला धरून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, “रोज सकाळी माझा चष्मा पुसून ठेवायचे. आदल्या दिवशी कितीही भांडण झालेलं असो. बोलायचे नाहीत, पण चष्मा लख्ख. हे मला त्या दिवशी आठवायला हवं होतं.”

मग श्रीकांतने विचारलं, “भांडायचे म्हणजे, किती?”

“अय्यो, विचारू नको!” अक्का म्हणाल्या आणि हसल्या. मग बसल्या आणि सांगायलाच लागल्या. शिवाजीनगरच्या एका शिंप्याशी शर्टाच्या कॉलरवरून झालेलं भांडण, ज्यात शेवटी शिंप्याने दिगंबररावांनाच मशीनवर बसवलं आणि त्यांनी खरोखर कॉलर शिवली, तीही उलटी. गणेशोत्सवात आरती फार भरभर म्हणतात म्हणून अध्यक्षांशी भांडून ते एकटेच मागे राहून सावकाश म्हणत बसायचे, आणि प्रसाद संपलेला असायचा. आम्ही हसून हसून बेजार झालो. पंख्याखालचे कुलकर्णी तर म्हणाले, “मला भेटायला हवे होते हे गृहस्थ. मीही दोन हात केले असते.” अक्का हसत होत्या आणि पदराने डोळे पुसत होत्या, आणि मध्येच म्हणत होत्या, “हे तर मी कोणाला सांगितलंच नव्हतं.”

वाचनालय बंद व्हायची वेळ झाली. मंजुनाथ किल्ल्या घेऊन दारात येऊन उभे राहिले. अक्का घाईने उठायला लागल्या. “सरी, सरी, निघतो आम्ही. बसच्या कंडक्टरचं तेवढं राहिलं, ते पुढच्या वेळी.”

मंजुनाथांनी किल्ल्या टेबलावर ठेवल्या आणि एक नवी खुर्ची ओढून घेतली.

“बसा अक्का,” ते म्हणाले. “कंडक्टर काय म्हणाला?”