सामाईक भिंत आणि दहा जोर

पोळ्याच्या आदल्या दिवशी दहा जोर काढून दाखवीन, तेही तालमीतल्यासारखे, नाक जमिनीला लागेपर्यंत, असं जयमालानं भाकरी थापता थापता जाहीर केलं, तेव्हा कानिफनाथच्या हातातला घास पुन्हा आमटीत पडला.

"जोर? तू?"

"मग काय मागच्या घरातली छबूबाई काढील?"

खरं तर बातमी त्यानंच आणली होती. राहुरीकडच्या एका कारखान्यावर बाया गार्ड घेणार होते. बारावी पास हवी, पळता यायला हवं आणि दहा जोर काढायचे. टेम्पोत ऊस-खत वाहता वाहता कानिफनाथ अशा बातम्याही घरी आणून टाकी, पण बायको ती उचलून घेईल असं त्याला वाटलं नव्हतं.

निकाल सासूबाईंच्या हातात होता. रतनबाई सुपारी कातरत म्हणाल्या, "धा काढलेस तर पोरगी मी सांभाळीन, तू खुशाल नोकरीला जा. नवावर बसलीस तर नोकरीचं नाव काढायचं न्हाई. मोजणार मी."

"कबूल, आत्याबाई."

कबूल म्हणणं सोपं होतं. जोर काढताना खाली जाणंही सोपंच निघालं, दुसऱ्या दिवशी पहाटे जयमाला सरसर खाली गेली. वर येण्याचा काही मार्ग दिसेना. ती वाळत घातलेल्या पापडासारखी जमिनीला चिकटून पडली आणि आठ महिन्यांची अश्विनी रांगत येऊन आईचा अंबाडा ओढू लागली. आई आपल्यासाठीच आडवी झाली आहे, याबद्दल त्या बाळाच्या मनात शंका नव्हती.

त्याच आठवड्यात जयमालाचे वडील नातीला बघायला आले. सहादेव मिरजगावच्या तालमीतले जुने वस्ताद. लेकीची अडचण ऐकून ते हसले नाहीत, हे त्यांचे मोठेच उपकार.

"बाळे, जमीन ही शेवटची इयत्ता हाय. तू थेट तिथं गेलीस. आधी भिंतीला हात लावून उभ्यानं काढ. मग बाजेच्या काठावर. मग गुडघे टेकून. मग जमीन तुझीच."

आता भिंत कुठली घ्यायची? एका भिंतीशी कणगी, दुसरीला ट्रंका, तिसरीला दार आणि चूल. मोकळी होती ती एकच. आणि तिथंच सगळं बिनसलं.

ती भिंत सामाईक होती. दोन वर्षांपूर्वी कानिफनाथ आणि थोरला भाऊ सूर्यभान वेगळे झाले, तेव्हा मोठ्या खोलीच्या मधोमध कच्च्या विटांची भिंत घातली. छपरापर्यंत जाण्याइतका दोघांकडेही धीर नव्हता, म्हणून ती पुरुषभर उंचीवर थांबली. भिंत मधोमध आहे, यावर मात्र पलीकडच्या घराचा आजवर विश्वास बसलेला नव्हता. बोलणं बंद होतं. सणाला ताटं जात, शब्द जात नसत.

जयमाला रोज पहाटे पदर खोचून भिंतीपुढं उभी राही. तळवे टेकून वाकायची, नेटानं मागं यायची. आणि पलीकडे, त्याच भिंतीवर, थोरली जाऊ मालनबाई हिची माहेरच्या पितळेची फळी होती. पहिल्या दिवशी फुलपात्र पडलं. दुसऱ्या दिवशी तांब्या. मालनबाईनं उंदरांचा पिंजरा लावला. पिंजऱ्यात काही आलं नाही आणि ताटं मात्र रोज पहाटे थरथरत राहिली. अखेर ती पाटावर पाट ठेवून चढली आणि भिंतीवरून डोकावली. मग उतरली ती थेट नवऱ्याच्या उशाशी.

"अवो, उठा. धाकली भिंत ढकलतीय."

"काय करतीय?"

"दोनी हात लावून. दात खाऊन. आपल्याकडं सारतीय भिंत."

सूर्यभान शहाणा माणूस, पण जागेचा विषय निघाला की शहाणपण खुंटीला टांगून येई. "आधी मोजून ठेव," तो म्हणाला. मालनबाईनं खोली आपल्या वितीनं मोजली. चार दिवसांनी खात्रीसाठी सूर्यभाननं आपल्या वितीनं मोजली, तर आकडा चांगलाच खाली आलेला. त्याचा पंजा सुपाएवढा आणि तिचा विड्याच्या पानाएवढा, हे दोघांपैकी एकाच्याही ध्यानात आलं नाही.

"गेली की गं जागा," सूर्यभान हळू आवाजात म्हणाला.

"मी काय म्हनत हुते? आता तुमी काय करनार?"

"मीबी ढकलनार."

तोवर जयमालानं भिंत कधीच सोडली होती. बाजेचा काठ झाला, गुडघे टेकणं झालं, आणि आता ती दाराजवळ खऱ्या जमिनीवर आली होती. तिचं धापा टाकणं तेवढं पलीकडे ऐकू जाई, आणि त्यावर सूर्यभान रोज पहाटे खांदा लावून समोर नसलेल्या शत्रूशी झुंजे. भिंत बिचारी एकटीच होती.

जमिनीवर जयमालाला एक युक्ती सापडली होती. अश्विनीला गोधडीवर उताणं निजवायचं आणि तिच्यावर जोर काढायचा. खाली गेलं की तिच्या कपाळाचा मुका. मुका मिळाला तर जोर पुरा, नाहीतर अर्धा. अश्विनी प्रत्येक वेळी पाय झाडून हसे. हात लटपटत, दंड पेटल्यासारखे होत, पण खाली ते पसरलेलं बोळकं वाट बघत असे. पहिल्यांदा एक झाला. मग दोन. पाचावर ती चार दिवस अडकली, रडकुंडीला आली आणि पाचव्या दिवशी सहा काढून उठली. नऊच्या पुढं मात्र ती कधी गेली नव्हती.

पोळ्याचा आदला दिवस उजाडला. रतनबाई पाटावर येऊन बसल्या. कानिफनाथ दारात.

"पोरगी खाली कशाला?"

"ती माप हाय, आत्याबाई."

"बरं. कर सुरू. एक." रतनबाईंचा आवाज मुळातच शेतातून बैल हाकणारा. "दोन. तीन."

पलीकडे मालनबाईनं भिंतीला कान लावला आणि तिचा चेहरा उतरला.

"अवो, आता आत्याबाईबी आल्यात. वितीनं मोजून घ्याया लागल्या."

"पाच," रतनबाई म्हणाल्या. "सहा."

"आपली किती घेनार हायेत?" सूर्यभाननं धोतर खोचलं आणि मागं सरकून जागा घेतली.

"सात. आठ."

सूर्यभान धावत आला आणि भिंतीवर आदळला.

रोज पहाटे मार खाणारी ती भिंत एकदाची गेली. वरच्या निम्म्या विटा अलीकडे कोसळल्या, मागोमाग सूर्यभान आला, आणि त्याच्या पाठीवर मालनबाईची फळी पितळेसकट उतरली. खोली धुळीनं भरली. एक ढेकूळ गडगडत जयमालाच्या पायाशी येऊन थांबलं.

धूळ बसली तेव्हा जयमाला होती तिथंच होती. हात ताठ, पाठ सरळ, आणि खाली छपराखाली असल्यासारखी अश्विनी. धुळीचा कण तिच्या अंगावर नव्हता.

"भिंत का पाडली रं सुर्भान?" रतनबाई ओरडल्या.

"ही का ढकलत हुती?" सूर्यभान विटांत पालथा पडून विचारत होता. हात टेकून उठायला बघत होता, पण पाठीवर घंगाळ होतं.

"कोन ढकलतंय? ती जोर काढतीय. नोकरीसाठी."

"मग विती कोन मोजत हुतं?"

"विती कसल्या? जोर मोजत हुते मी."

"दादा, आधी उठा तरी," कानिफनाथ म्हणाला. दोन वर्षांत भावाशी बोललेलं त्याचं हे पहिलं वाक्य.

"आत्याबाई," जयमालाचा आवाज कापत होता, कोपरं त्याहून जास्त. "भांडन मागनं करा. माझे किती झाले?"

रतनबाईंनी हात पुढं धरला. बोटं उघडली, मिटली. "त्या गडबडीत इसरले की गं. परत पहिल्यापासनं काढ."

जयमालाच्या डोळ्यांत पाणी आलं. एक थेंब अश्विनीच्या नाकावर पडला आणि ती हसली. हात वाकून बसली की सगळं संपलं, नोकरीही आणि नोकरीचं नाव काढणंही.

"आठ झाले."

सगळे वळले. पडक्या भिंतीपलीकडून मालनबाई बोलत होती, हातात चेपलेला तांब्या. "आठच झाले, आत्याबाई. मी कान लावून ऐकत हुते. तुमी आठ वीत म्हनालात असं वाटलं, तवाच तर ह्यांनी धडक दिली." मग दोन वर्षांची सवय मोडून ती थेट जावेकडं बघून म्हणाली, "काढ गं. दोनच ऱ्हायले."

जयमाला खाली गेली. मुका. वर येताना हात असे थरथरले की बांगड्या वाजल्या. "नव," दोन घरांतून एकदम आवाज आला. ती पुन्हा खाली गेली आणि या वेळी बराच वेळ खालीच राहिली. विटांत पडलेल्या सूर्यभाननंसुद्धा श्वास धरला. मग ती वर आली, इंचाइंचानं.

"धा," रतनबाई म्हणाल्या, आणि नातीला उचलून थेट कडेवर घेतलं.

कारखान्यावर साहेबांनी दहा सांगितले तर जयमालानं बारा काढले, मधे भिंत पडली नाही म्हणून. साहेबांनी फक्त एवढंच विचारलं, "बाई, दर जोराला खाली जाऊन ओठ कशाला पुढं करता?"

भिंत पुन्हा बांधायचं कुणी नाव काढलं नाही. अश्विनीची झोळी आता मधोमध टांगलेली असते, अलीकडून आजी झोका देते, पलीकडून मालनबाई.

एवढं सगळं सरळ झालं असताना परवा पहाटे जयमाला कामावर निघाली, तेव्हा सूर्यभान मागच्या भिंतीला दोन्ही तळवे टेकून उभा होता. विटांतून उठता आलं नाही, ते मनाला लागलं होतं. तिला बघून तो ओशाळला. "भिंतीपासनंच सुरू करत्यात न्हवं?"

तिनं मान डोलावली. त्यानं नेटानं रेटा दिला. भिंतीपलीकडं काहीतरी खणखणत पडलं, आणि छबूबाईचा आवाज आला, "कोन हाय रं तिकडं? जागा काय बापाची हाय का?"