जीभ दाखव

देशमाने सरांच्या वर्गात हजेरी नावाने सुरू होत नसे, जिभेने होत असे. "सकाळी काय खाल्लं?" हा पहिला प्रश्न. पोरगं सांगे, "भाजी-भाकर." सर म्हणत, "जीभ दाखव." मग त्याचं तोंड उजेडाकडे वळवून निकाल देत, "खोटं. चहा-बटर." त्या पोराच्या हातावर खिशातले शेंगदाणे आणि गुळाचा खडा पडे. ते संपेपर्यंत गणित फळ्यावर थांबून राही.

कडा गावाजवळच्या आमच्या शाळेत मी शेजारचा वर्ग घेतो. मधली भिंत पातळ आहे. सर वारले, तरी सकाळी खडू हातात घेतला की मी त्या प्रश्नासाठी क्षणभर थांबतो.

"उपाशी पोराला ढ म्हणू नये," हे त्यांचं पालुपद. तपासणीला आलेल्या साहेबांनाही त्यांनी एकदा विचारलं, "काय खाल्लं?"

"आज उपवास आहे."

"मग आधी दाणे घ्या. उपाशीपोटी आमची शाळा लई कच्ची दिसती."

साहेबांनी मुकाट्याने दाणे खाल्ले. शेरा बरा मिळाला.

राधा त्यांच्याच वर्गात होती. फळ्यासमोर गप्प बसायची. दिवाळी झाली, आईवडील ऊसतोडीला निघाले. वडील सिद्धू हा देशमाने सरांचाच जुना विद्यार्थी. शाळेत येऊन म्हणाला, "सर, पोरीला नेतो. हिच्या डोक्यात काय शिरत न्हाई. फडावर धाकट्याला तरी सांभाळील."

"सिद्ध्या, डोक्याला बोल लावू नको. ती फळ्याकडं डोळे बारीक करून बघती. जिभा बघायच्या नादात मलाच उशिरा दिसलं. आष्टीला नेऊन डोळे तपासतो. चष्मा येऊस्तोवर तिला आजीपाशी ठेव. फरक पडला न्हाई, तर मी स्वतः फडावर आणून सोडतो."

सिद्धू मान खाली घालून गेला. राधा राहिली.

चष्मा आला त्या सकाळी मी मुद्दाम सरांच्या दारात उभा होतो. त्यांनी फळ्यावर गणित मांडलं. राधाने ते अडखळत, पण शेवटच्या आकड्यापर्यंत वाचलं. सरांनी माझ्याकडे बघून नुसती मान हलवली. पोरगी आता कुठे जाणार नव्हती.

मग तिची नजर फळ्यावरून सरांवर आली आणि तिथेच थांबली. बहुधा तिला ते पहिल्यांदाच नीट दिसत होते. पत्नी गेल्यापासून सर एकटेच राहत, मुलगा पुण्याला. सदऱ्याची कॉलर मानेभोवती सैल झाली होती.

"सर, तुमी लई वाळलाव. सकाळी काय खाल्लं?"

वर्ग खिदळला.

"भाजी-भाकर," सर म्हणाले.

"जीभ दाखवा."

सरांनी खरंच दाखवली. राधाने चष्मा सावरला.

"खोटं. चहा-बटर."

सर घाईने फळ्याकडे वळले. राधाने डबा उघडला, आजीने दिलेली भाकरी मोडली आणि अर्धी त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवली. सर पाठमोरे उभे राहून खाऊ लागले. ती संपेपर्यंत गणित फळ्यावर थांबून राहिलं.