बाकी सगळे

टेगन थकली होती. लॉन्सेस्टनमधल्या जनावरांच्या दवाखान्याचे सगळे संगणक ती एकटी सांभाळायची, आणि कितीतरी दिवसांनी तिला बुधवारपासून आठवड्याची रजा मिळाली होती. बिशेनोला समुद्रकाठचं भाड्याचं लाकडी घर, नवरा कॅलम, कुत्रा पिकल. संगणक नाही.

मालकांना आपोआप मेसेज पाठवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये काही राहू नये म्हणून तिने एक शहाणा मॅक्रो, म्हणजे छोटा राखणदार प्रोग्रॅम, लिहिला होता. यादीतल्या प्रत्येक प्रकारच्या प्राण्याला काय कळवायचं हे सांगितल्याशिवाय तो काम पुढे जाऊच देत नसे. एक जरी राहिला तरी अडून बसायचा. कुत्र्याचं सांगितलं, मांजराचं सांगितलं. बकरी, अल्पाका अजून राहिलेच होते, तोवर ती मेटाकुटीला आली आणि एका वैतागलेल्या दुपारी तिने लिहून टाकलं : बाकी सगळे, नसबंदीची तारीख द्या. मॅक्रो गप्प झाला. तिला फार बरं वाटलं.

सोमवारी डॉक्टर रोवेनाला वाटलं, मालकांनाही वाढदिवसाच्या शुभेच्छा पाठवाव्यात. तिने यादीत 'मालक' हा नवा प्रकार घातला. मॅक्रोने तेव्हाच बोंब मारायला हवी होती, पण मालक मुकाट्याने 'बाकी सगळे'मध्ये जाऊन बसले.

मंगळवारी सकाळपासून फोन सुरू झाले.

"टेगन, ते ट्रेलोर विचारतायत, पट्टा घरून आणायचा की इथे मिळेल?" रोवेना म्हणाली.

"कसला पट्टा?"

"गुरुवारी त्यांची नसबंदी आहे ना. आपणच कळवलंय. आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवा, पट्टा बांधून आणा."

टेगनने डोळे मिटून घेतले.

"हे निस्तर, मगच रजेवर जा बाई," रोवेना म्हणाली.

टेगनने 'बाकी सगळे' खोडलं. मॅक्रोला इतक्या महिन्यांनी तोंड फुटलं. मालकांचं काय? बकरीचं काय? अल्पाकाचं काय? टेगन एकेकाचं सांगत बसली, एका कानाला फोन लावून संतापलेल्या मालकांची माफी मागत. संध्याकाळी सगळ्यांना 'ऑपरेशन रद्द' असा मेसेज गेला आणि ती घरी निघाली.

कॅलम स्वयंपाकघरात मटणाचा पॅटिस खात बसला होता. बॅगा रिकाम्या होत्या.

"तुझा फोन दिवसभर एंगेज," तो म्हणाला. "गुरुवारी माझं ऑपरेशन असल्याचा तुमचा मेसेज आला, म्हणून मी बिशेनोचं घर सोडून दिलं. टाके घेऊन समुद्रात कसं जाणार?"

"तुला खरं वाटलं ते?"

"वाटलं, तूच ठरवलं असशील. पिकलच्या वेळी तरी मला कुठे विचारलं होतंस?"

टेगन पिकलशेजारी जमिनीवरच बसली. तिला रडू येत होतं, पण त्यालाही जोर लागतो.

"फोन करून परत माग ना ते घर."

"मागितलं. आत्ताच कोणीतरी घेतलं म्हणे." कॅलमने ताट बाजूला सारलं. "ट्रेलोर का कोण आहेत. त्यांचं कसलंसं ऑपरेशन रद्द झालं, तर खुशीत आठवडाभर चाललेत."