सर्जेराव आबांचं नेपाळ

सर्जेराव आबा नकाशालासुद्धा शिव्या देतात. माणसांना देतात तितक्याच मोकळेपणानं, आणि वर उत्तराची वाट बघतात.

शिवाजी पेठेत आमची आणि त्यांची भिंत एकच. त्यामुळं आबांचा दिवस कशावरून पेटलाय, ते आम्हाला चहाच्या आधी कळतं. कधी नळाला पाणी नसतं, कधी दूध पातळ असतं, कधी पेठेच्या पोरांनी पेनल्टी बाहेर घालवलेली असते. सगळं आयुष्य फाउंड्रीत गेलं, भट्टीच्या आवाजावर आवाज चढवायची सवय निवृत्तीनंतरही सुटली नाही. प्रत्येक भांडणाचा शेवट ठरलेला : "ह्याला काय अर्थ हाय?"

हा राग सगळ्यात कमी कोण मनावर घेत असेल, तर दस्तगीर. दस्तगीर म्हणजे आमच्या गल्लीच्या तोंडाशी बसणारा शिंपी आणि आबांचा पोरवयापासूनचा दोस्त. दोघं एकाच संघातून फुटबॉल खेळले; दस्तगीर गोलकीपर, आबा बॅक. गोल बसला की आबा समोरच्या संघाला सोडून दस्तगीरवर धावून जात. दस्तगीर हसत हसत जाळीतला बॉल काढून त्यांच्या हातात देई.

गेल्या हिवाळ्यात आबा तरातरा आमच्या घरात शिरले. मी कॉलेजात शिकवते आणि एकदा नेपाळला जाऊन आलेय, एवढं भांडवल त्यांना पुरेसं होतं.

"बाई, तुम्ही नेपाळला गेलता न्हवं? आमी बी निघालोय. मी आन दस्तग्या. चालत फिरायचं."

मी नकाशा पसरला आणि वयाला झेपेल अशी एक सोपी वाट दाखवली. शेवटी बर्फाचे डोंगर दिसतात म्हटलं.

"नुसता बर्फ? मग गेंडं कुठं हायत?"

"ते खाली दक्षिणेला, आबा. जंगलात."

"मग ते बी पायजेत. आन ती लाल फुलांची झाडं? डोंगरावरची पायऱ्या-पायऱ्यांची शेतं? नदी?"

"एका फेरीत एवढं नाही व्हायचं. उरलेलं पुढच्या वर्षी बघा की."

आबांनी नकाशावर अशी थाप मारली की माझा चहा सांडला. "पुढच्या वर्षाचं नाव काढू नका! एक देश हाय, एवढासा हाय, आन एका दमात दिसत न्हाय? ह्याला काय अर्थ हाय?"

प्रवास कंपनीच्या पोराची तर त्यांनी दैना केली. तो बिचारा म्हणाला, "काका, फुलं वसंतात असतात, पण डोंगर स्वच्छ बघायचे तर दिवाळीच्या सुमाराला जा. आणि तुमच्या वयाला बसची सहल बरी."

"बसमधनं काय दिसतंय रं? म्होरच्याचं टक्कल! आन दिवाळीपातूर कोण थांबतंय?"

शेवटी मार्चअखेरीचं ठरलं. सरावासाठी दर रविवारी पन्हाळ्याकडं चालायला जायचं, असा हुकूम निघाला. एका रविवारी मीही गेले. आबा पुढं, तोंडाचा पट्टा चालू. वाट वाईट, ऊन वाईट, दस्तगीरचे बूट वाईट. मसाई पठारावर दस्तगीरचा पाय एका दगडाला अडखळला आणि तो गुडघ्यावर पडला. दगड चांगला घमेल्याएवढा होता.

"डोळं फुटलं का रं तुझं?" आबा ओरडले.

पुढचं ठरलेलं "ह्याला काय अर्थ हाय?" या वेळी आलंच नाही.

दस्तगीर माती झटकत म्हणाला, "अजून न्हाय. फुटाय लागल्यात."

आबा तरातरा पुढं निघून गेले आणि आमच्याकडं पाठ करून बसले. पाण्याच्या बाटलीचं झाकण निघेना, म्हणून तिला शिव्या घालू लागले.

"काचबिंदू हाय, बाई," दस्तगीर मला म्हणाला. "बाजूचं दिसत न्हाय. म्होरचं दिसतंय अजून. डाक्टर म्हटलं, गेलेलं परत येत न्हाय, ऱ्हायलंय ते थेंब घालून टिकवायचं, टिकंल तेवढं. मी ऐकून घेतलं. ह्यो मातूर डाक्टरच्या अंगावर गेला. तवापासनं असाच पेटलाय. म्हणतोय, तुला सगळं दावतो. म्या म्हटलं, गड्या, मला आपलं रंकाळ्याचं तळं बास हाय. ऐकतोय व्हय?"

मी पुढं जाऊन आबांच्या हातातली बाटली घेतली आणि झाकण काढून दिलं. ते पाणी प्यायले नाहीत.

त्या दोघांना नेपाळहून परत येऊन आठवडा झाला तरी भिंतीपलीकडून नेपाळचा उद्धार चालू होता. डाळभातात मीठ कमी होतं, वाटाड्या फार हसत होता, गेंडा आला तो पाठ फिरवून उभा राहिला. मी चहा घेऊन गेले तेव्हा विषय धुक्यावर आला होता. मी दाखवलेल्या वाटेच्या शेवटच्या उंच टेकडीवर पहाटेपासून सगळं पांढरं. बाकीची माणसं कंटाळून खाली गेली. दस्तगीरला शेजारी उभा करून आबा धुक्याला आईबहिणीवरून बोलत उभेच राहिले.

"मग? दिसला का डोंगर?" मी विचारलं.

"उघडलं की. एकदम, सगळं."

"कसा होता?"

आबांनी कप खाली ठेवला. मग त्यांच्या गळ्यातून निघेल असं मला कधी वाटलं नव्हतं, अशा बारीक आवाजात म्हणाले,

"मला काय म्हाईत, बाई. मी दस्तग्याच्या तोंडाकडं बघत हुतो. त्याला दिसतोय का न्हाय, ते."