उंबऱ्यावरचे फौजदार

इंदुमती लोखंडे यांच्या फॉल-पिकोच्या दुकानाच्या उंबऱ्यावर फौजदार सर्जेराव मोहिते एक पाय उचलून अकरा दिवस उभे होते, कारण इंदूताईंनी त्यांची गोष्ट तिथेच सोडली होती.

आमच्या गावात ही तक्रार नवी नाही. टीव्हीवरची मालिका बंद पडली की लोक तिची पुढची गोष्ट स्वतःच वहीत लिहितात, आणि लिहिताना हात थांबला की पात्र असेल तिथे उभं राहतं. मागच्या साली एक राजवैद्य पाच महिने कचेरीच्या जिन्यात होता. लोक जाता-येता त्याला नाडी दाखवायचे. शेवटी नगरपरिषदेने वाचनालयात चाहतेलेखन साहाय्य कक्ष उघडला. तिथे आधी फाटक बसायचे; त्यांच्यानंतर सोळा वर्षं पाणीपट्टीच्या नोटिसा लिहिणाऱ्या मला तिथे बसवलं.

कक्षाचे नियम भिंतीवर लावले आहेत. हसायचं नाही. लाल पेन वापरायचं नाही. काय आवडलं ते आधी सांगायचं, मग प्रश्न विचारायचे, आणि दुसऱ्याच्या वहीत आपलं अक्षर काढायचं नाही. हा शेवटचा नियम माझ्या आधीच्या फाटकांमुळे आला. एका कथेतला ‘धिप्पाड’ हा शब्द त्यांना जरा जास्त वाटला, म्हणून त्यांनी तो खोडला, आणि सेनापती तिथल्या तिथे पाच फूट एक इंच झाले. ते अजून तेवढेच आहेत. चिलखत आखूड करून घेतलं त्यांनी.

पंधरा दिवसांत गोष्ट पुढे सरकली नाही, तर पात्र अपूर्ण ठरतं. मग नगरपरिषदेचा टेम्पो येतो आणि त्याला जुन्या बंबखान्याच्या शेडमध्ये नेऊन ठेवतो. तिथून परत आलेलं कुणी माझ्या तरी पाहण्यात नाही.

“का थांबलात ताई?” इंदूताई कक्षात आल्या तेव्हा मी विचारलं.

इंदूताईंनी वही पदराखाली धरली होती. “नातवाच्या बारशाला आमच्या जावयांना सापडली वही. त्यांनी उभं राहून मोठ्यानं वाचली. सगळे हसले.” मग म्हणाल्या, “मीपण हसले, मॅडम. काय करणार?”

मी त्यांच्याबरोबर दुकानात गेले. फौजदारांचं तोंड अर्धवट उघडं होतं. वहीतलं शेवटचं वाक्य असं होतं: ‘फौजदारांनी उंबरा ओलांडायला पाय उचलला आणि ते म्हणाले,’ त्यापुढे कोरा कागद. गिऱ्हाइकं त्यांना वळसा घालून आत जात होती. कुणीतरी त्यांच्या कोपराला साडीची पिशवी अडकवली होती. जमिनीवरचा पाय मात्र थरथरत होता. ते पाहून मला वाईट वाटलं.

मी वही तिथेच स्टुलावर बसून वाचली. मालिकेत हा माणूस दर भागात कुणाच्या तरी कानाखाली आवाज काढायचा. इंदूताईंच्या वहीत तो तक्रार घेऊन आलेल्या बाईला आधी खुर्ची द्यायचा, मग पाणी, आणि मग विचारायचा, “जेवलात का?”

“ही खुर्ची मला फार आवडली,” मी म्हणाले.

“बरं वाटावं म्हणून म्हणताय.”

“तसं बोलता येत असतं, तर पाणीपट्टीत माझी बढती नसती का झाली?”

त्या हसल्या नाहीत, पण वही त्यांनी पुन्हा पदराखाली घेतली नाही.

पुढचे दोन दिवस मी दुपारी जायचे आणि नियमाप्रमाणे विचारायचे. फौजदार इथे का आले असावेत? काय म्हणावंसं वाटतंय त्यांना? इंदूताई पेन उचलायच्या, जावयांचा आवाज कानात घुमायचा, पेन खाली. “लोक म्हणतील, म्हातारीला फौजदार पाहिजे,” त्या म्हणायच्या आणि मशीन चालवू लागायच्या. मशीनच्या आवाजात मला पुढचं विचारता यायचं नाही.

चौदाव्या दिवशी शेडमधून निरोप आला. टेम्पो उद्या अकराला.

आता मी जे केलं ते सांगते. मी घाबरले. इंदूताई आत चहा टाकायला गेल्या होत्या. मी त्यांचं पेन उचललं आणि कोऱ्या कागदावर एक ओळ माझ्या अक्षरात लिहिली. म्हटलं, एकदा पाय टेकू दे बिचाऱ्याचा, पुढचं पुढे.

पाय टेकला. फौजदारांनी घसा साफ केला आणि ते खणखणीत आवाजात म्हणाले, “आपणांस कळविण्यात येते की, सदर इसम आपल्या आस्थापनेत उपस्थित झालेला असून, योग्य ती कार्यवाही विनाविलंब करण्यात यावी.”

इंदूताई चहाचं पातेलं तसंच टाकून बाहेर आल्या. फौजदार पुढे पाणी तोडण्याबद्दल काहीतरी सांगू लागले होते.

“हे कुणी लिहिलं?”

“मी,” मी म्हणाले. “चुकलं माझं. माफ करा.”

“अहो, असं नाही बोलत तो!” त्यांनी पेन माझ्या हातातून ओढूनच घेतलं. “सर्जेराव आहे तो! नोटीस आहे का? तुम्ही सगळी वही वाचलीत ना? मग एवढंही कळू नये?”

“मग कसं बोलतात ते?”

“थांबा.”

त्यांनी माझी ओळ खोडली. फौजदार वाक्याच्या मध्येच गप्प झाले आणि पाय पुन्हा वर गेला. इंदूताई कटिंगच्या टेबलावर वाकून लिहू लागल्या. चहा उतू गेल्याचा वास आला, तेव्हा गॅस मीच जाऊन बंद केला. परत आले तेव्हा त्यांनी वही मिटली होती.

फौजदारांनी उंबरा ओलांडला, टोपी काढून काखेत धरली आणि ते हळू आवाजात म्हणाले, “बाई, आत येऊ का? मलापण हसतायत बाहेर. शर्टाचं बटण तुटलंय, आणि या गावात तुमच्याएवढा सरळ टाका कुणाचा नाही.”

इंदूताई त्यांच्याकडे बघत राहिल्या. डोळे भरून आले होते, ते त्यांनी पुसलेही नाहीत. मग त्यांनी टेबलाजवळची खुर्ची ओढली, वरच्या साड्या उचलून बाजूला ठेवल्या आणि खुर्ची पदराने झटकली.

“बसा,” त्या म्हणाल्या. “जेवलात का?”

“नाही,” फौजदार म्हणाले. ही ओळ वहीत नव्हती.