पालेंबंगचे आबा

पाचोऱ्याच्या तिकीट खिडकीवर जामनेरचं तिकीट मागितलं की आधी पालेंबंगची वाट ऐकावी लागे.

"जामनेरनं काय इचारस? गाडी समोर उभी शे. पालेंबंगनं इचार!"

खिडकीमागचे तिकीटबाबू धनाजी आबा तिकीट हातातच धरून ठेवत आणि सुरू होत. मुंबईहून आगबोटीनं कोलंबो, मग सिंगापूर, तिथून सुमात्रा बेट. बोट समुद्र सोडून मुसी नदीत शिरते, भरतीच्या पाण्यावर पन्नास-पंचावन्न मैल आत जाते, तेव्हा कुठे पालेंबंग. एवढ्यात जामनेरच्या गाडीची शिट्टी व्हायची आणि ऐकणारा धोतर सावरत पळायचा. आबा स्वतः कधी मुंबईलाही गेले नव्हते.

बांगडीवाले कासमभाई मुद्दाम छेडत. "आबा, वहाँ ठेसन पे टांगा मिलता क्या?"

"टांगा? ठेसन नदीना पलीकडे शे! होडी करनी पडस. धुळाथून पांझरा वलांडीसन देवपूर जातस ना, तसं."

"मतलब पांझरा जैसीच नदी."

"पांझरामा म्हशी बसतस, कासमभाई. मुसीमा आगबोटी चालतस!"

इतिहासही तोंडपाठ. हजार-बाराशे वर्षांपूर्वी तिथे मोठं राज्य होतं, चीनचे साधू बोटीतून उतरून संस्कृत शिकत. पुढे सुलतान आले. मग मिरी न्यायला डच आले ते राहिलेच. सुलतानाची गादी गेल्याचं आबा असं सांगत, जणू त्यांच्याच भाऊबंदकीत गेली.

लोक हसत. मीही हसायचो, आणि कारण ठाऊक असून हसायचो. मी शेजारच्या पोस्टात कारकून. आबांचा धाकटा भाऊ नथू पालेंबंगला एका सुरती व्यापाऱ्याच्या कापडदुकानात होता. तो निघाला तेव्हा आबा रागात बोलून गेले होते, "गया ते परत येऊ नको." तेव्हापासून दर महिन्याला ते त्याला पत्र लिहीत, आणि पत्रात फक्त परतीची वाट असे: कुठली बोट, कुठे उतरायचं, पाचोऱ्याला जामनेरची गाडी किती वेळ थांबते. नथूचं उत्तर दोन ओळींचं, पण यायचं.

मग लढाई आली. जपान्यांनी पालेंबंग घेतलं आणि तिकडचं टपाल बंद झालं. आबांची पत्रं शिक्का मारून परत येऊ लागली. नियमाप्रमाणे ती आबांच्या हातात द्यायची. पहिलं घेऊन मी गेलोही होतो. आबांनी खिडकीतूनच विचारलं, "पोचनं का रे भाऊ?" मी म्हणालो, पोचलं. पुढची सगळी माझ्या कपाटात गेली.

त्याला मी दया समजत होतो. होता भित्रेपणा. हळूहळू आबा कासमभाईंना उत्तर देईनासे झाले. तिकीट मागितलं की मुकाट द्यायचे. एकदा मला म्हणाले, "त्याले पत्रं भेटतस, तरी लिखत नई. मन्हं बोलनं त्यानी मनमा धरं." तेव्हा खरं सांगायला हवं होतं. मी पोस्टाच्या पिशवीचं तोंड बांधत राहिलो.

लढाई संपल्यावर गठ्ठा घेऊन गेलो आणि खिडकीवर ठेवला. "आबा, यातलं एकही गेलं नाही. मी खोटं बोललो."

आबांनी पत्रं उलटसुलट करून पाहिली. मी शिव्यांची वाट पाहत होतो. मला त्या हव्या होत्या.

"एकूणएक, बठ्ठा पत्रं तुन्हापाशीच व्हतात?"

"हो."

"त्याले एकबी भेटनं नई?"

"नाही."

आबा उठलेच. "मंग तो रुसेल नई शे!" रांगेतल्या माणसांकडे पाहून पुन्हा म्हणाले, "रुसेल नई शे तो! मी घर सांगीसन येस." आणि पत्रं तिथेच टाकून, त्या वयात, जवळजवळ पळत घराकडे निघाले.

नथू जिवंत आहे की नाही, हे अजून कोणालाच ठाऊक नव्हतं. मी त्यांना हाक मारली नाही.