व्याह्यांसाठी एक बाटली कोम्बुचा

मनुष्याचे सुख त्याच्या आतड्यांवर अवलंबून असते आणि आतड्यांचे सुख नातेवाइकांवर. म्हणूनच माझे भाऊजी, गोंदियाचे निवृत्त लिपिक भुपेंद्र, यांनी घरी आंबवलेल्या चहाची (शास्त्रीय नाव कोम्बुचा) एक बाटली ऐन मे महिन्यात देवरीच्या बसमध्ये चढवली आणि माझ्या बहिणीसह स्वतःही चढले. ती त्यांच्या मुलीच्या सासऱ्यांसाठी, उदाराम यांच्यासाठी होती. व्याह्यांना अकरा वर्षे मोकळा ढेकर आलेला नव्हता.

बूच घट्ट होते. कोहमाऱ्याच्या अलीकडे ते छताला लागले. जीवितहानी शून्य, भिजलेले प्रवासी नऊ, सीटखाली शिरलेले चौदा (त्यांत चालक नव्हता, ही समाधानाची बाब).

वाहक दुर्गेश्वरी यांनी बस थांबवली. "काका, बसमदी दारू कायले आणली?"

मागच्या सीटवरच्या रुख्माबाईंनी सीटवर सांडलेले बोटाने चाखले आणि तज्ज्ञ म्हणून मत नोंदवले, "दारू नाय होय, बाई. मोहाची एवढी बेकार नाय रायत."

भाऊजी दुखावले. "यात चांगले जीवाणू आहेत! घोटागणिक दोनशे कोटी!"

"त्याइची तिकिटं काढली का?" (बकरीबाबत नियम आहे. जीवाणूंबाबत वाहक शोधून दमल्या.)

वाहकांनी पोलीस चौकीचे नाव काढले. तिथे उतरून व्याह्यांकडे अब्रू घालवण्यापेक्षा भाऊजींनी उरलेले पेय सर्वांना चाखायला दिले. ती दारू नाही हे एकमताने सिद्ध झाले. पुढे देवरीपर्यंत बस पाच ठिकाणी थांबली. नोंदीत कारण 'प्रवाशांची निकड' असे आहे. झुडपांमागून परतलेल्यांनी औषध जबरदस्त असल्याचे सांगितले.

देवरीला पोहोचली ती रिकामी बाटली. भाऊजी ओसरीवर व्याह्यांना आतड्यांचे महत्त्व समजावत बसले. माझी बहीण अल्का बाटली पदराआड घेऊन थेट स्वयंपाकघरात गेली आणि विहीणबाईंपुढे, पार्वताबाईंपुढे, रडकुंडीला आली.

पार्वताबाईंनी रात्रीच्या भाताचे आंबलेले पाणी पुढे ओढले. "पाच सालापासून हेच देऊन राहिली मी त्याइले. म्हनते, म्हशीले टाक."

"मग बाटलीत टाका ना, बाई."

रंगासाठी चमचाभर चहाही पडला.

उदाराम यांनी अर्धा पेला घेतला. मग जो ढेकर आला, त्याने शेजारची कोंबडी भिंतीवरून उतरली. व्याह्यांच्या डोळ्यांत पाणी आले. "शहरातलं ते शहरातलंच बुवा! पार्वता, शिक काही!"

"हो जी," पार्वताबाई म्हणाल्या, आणि दोघी विहिणी आत जाऊन पदर तोंडात कोंबून इतक्या हसल्या की अल्काला उचकी लागली.

मी ही हकिकत आजवर सत्तावीस सुशिक्षित माणसांना जशीच्या तशी सांगितली. सगळे पोट धरून हसले. नंतर त्यांतल्या सव्वीस जणांनी मला बाजूला घेऊन भाऊजींचा फोन नंबर मागितला. पार्वताबाईंचा एकानेही मागितला नाही. (सत्ताविसावा लाजत होता.)

तुम्ही लाजू नका. भाऊजींचा नंबर मी पाठ करून ठेवला आहे.